वाल्याची मुले

कारागृहांतील कार्यक्रमांत आणि कैद्यांच्या सुधारणेविषयीच्या भाषणांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. वाटमारी करणाऱ्या वाल्याला नारद भेटतात आणि विचारतात, ज्यांच्यासाठी तू हे सारे करतोस ते तुझ्या पापात वाटेकरी होतील का? वाल्या घरी जाऊन विचारतो. बायको नाही म्हणते, मुलेही नाही म्हणतात. मग तो तपाला बसतो, अंगावर वारूळ चढते आणि वाल्याचा वाल्मीकी होतो. शिक्षिका म्हणून ही गोष्ट मी वर्षानुवर्षे सांगत आले आणि सांगताना माझेही लक्ष वाल्याकडेच असे. काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गातल्या एका मुलाने विचारले, ‘‘बाई, तो तिकडे बसला तेव्हा घरी जेवायला कोण आणायचं?’’ वर्ग हसला. तो मुलगा हसला नाही. त्याचे वडील त्या वेळी तुरुंगात होते, हे मला पुढे काही महिन्यांनी कळले.

गोष्टीतल्या मुलांना निदान एक सवलत होती. पापात वाटा घेणार नाही, असे त्यांनी म्हटले आणि ते मान्य झाले. आपल्या अवतीभवतीच्या मुलांना तसे म्हणण्याची संधीही मिळत नाही. वडिलांना किंवा आईला अटक होते त्या दिवसापासून घरभाडे, शाळेची फी, वकिलाचे पैसे, शेजाऱ्यांच्या नजरा आणि ‘खाण तशी माती’ ही म्हण, हे सगळे त्यांच्या वाट्याला आपोआप येते. या मुलांविषयी आपल्याकडे जी थोडीफार व्यवस्था आहे ती पालकाला झालेली शिक्षा पाहते, मुलाच्या घरात निर्माण झालेली पोकळी पाहत नाही. आणि म्हणून ती बहुतेक मुलांपर्यंत पोहोचतच नाही, असे माझे म्हणणे आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या तुरुंगविषयक अहवालानुसार त्या वर्षअखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७६ टक्के, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नव्हता. त्याच अहवालात १,५३७ स्त्री कैद्यांसोबत तुरुंगात राहणाऱ्या १,७६४ मुलांची नोंद आहे. ही संख्या शेवटच्या आकड्यापर्यंत नेमकी मोजलेली आहे, कारण ती मुले भिंतीच्या आत आहेत आणि त्यांच्या दुधाचा व कपड्यांचा हिशेब ठेवावा लागतो. उरलेल्या साडेपाच लाखांहून अधिक माणसांची मुले बाहेर किती आहेत, कोणत्या वयाची आहेत आणि कोणाकडे राहतात, याचा एकही रकाना त्या जाडजूड अहवालात नाही. जे मोजलेच जात नाही त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद कोण मागणार?

आत असलेल्या लहान मुलांकडे लक्ष गेले त्यालाही न्यायालयाचा रेटा कारणीभूत होता. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी सविस्तर निर्देश दिले. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकेल, त्याला कैदी मानले जाणार नाही, त्याच्यासाठी पाळणाघर व बालवाडी असेल, तुरुंगात जन्म झाला तरी जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून तुरुंगाचे नाव येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. सहा वर्षांनंतर मूल आईच्या इच्छेनुसार नातेवाइकाकडे किंवा शासनाच्या संस्थेत जावे आणि संस्थेत ठेवलेल्या मुलाची आठवड्यातून एकदा तरी आईशी भेट व्हावी, असेही निर्देश आहेत. हा निकाल मोठ्या मायेने लिहिलेला आहे आणि त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु आपली सारी करुणा सहाव्या वाढदिवसापाशी थबकते. सात वर्षांचे मूल, तेरा वर्षांची मुलगी, सोळा वर्षांचा मुलगा यांच्यासाठी इतके बारकाईने कोणी लिहिलेले नाही. ज्याचे वडील आत आहेत आणि आई बाहेर आहे ते मूल तर ‘आई आहे ना’ या एका वाक्यात निकालात काढले जाते.

वास्तविक ती आईही त्या दिवसापासून अर्धी घराबाहेर असते. पहिल्या महिन्यात पोलीस ठाणे, कोर्ट, वकील आणि जामीनदार शोधणे यांत तिचे दिवस जातात. दुसऱ्या महिन्यात कर्जे सुरू होतात. तिसऱ्या महिन्यापासून ती आणखी दोन घरची कामे धरते. घरातले थोरले मूल तोवर पालक झालेले असते. धाकट्यांचे डबे, आजीची औषधे, रेशनची रांग हे सगळे ते करू लागते, आणि आपण शाळेत त्याला विचारतो की हल्ली अभ्यासात लक्ष का नाही.

आमच्या शाळेतल्या एका मुलीविषयी मी थोडे सांगते. तिचे नाव आणि तिच्या वडिलांवरचा आरोप मी लिहिणार नाही. आरोप काय आहे याने तिच्या गरजांत काही फरक पडत नाही. ती नववीत होती. वर्षाच्या सुरुवातीला भरून घेतल्या जाणाऱ्या माहितीच्या अर्जात ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात तिने आधी काहीतरी लिहिले होते आणि मग ते इतके खोडले होते की कागदाला भोक पडले होते. मी विचारल्यावर ती म्हणाली, वडील गुजरातला कंपनीत आहेत. पुढच्या महिन्यात तिने मैत्रिणींना वडील दुबईला असल्याचे सांगितले. खोटे बोलणारी मुलगी म्हणून तिची तक्रार माझ्याकडे आली. ते खोटे तिने स्वतः रचलेले नव्हते. घरच्या मोठ्यांनी धाकट्या भावासाठी एक गोष्ट, शेजाऱ्यांसाठी दुसरी आणि शाळेसाठी तिसरी ठरवून दिली होती, आणि कोणापुढे कोणती सांगायची हे लक्षात ठेवण्याचे काम तिच्याकडे होते. चौदा वर्षांच्या मुलीच्या मेंदूतली किती जागा या एका कामाने व्यापली असेल, याचा विचार मी तोपर्यंत केला नव्हता.

मुलांपासून ही गोष्ट लपवावी, असे बहुतेक घरांना वाटते आणि त्यामागची माया मला कळते. तरी मला ते चुकीचे वाटते. मुलाला कळतेच, वस्तीतल्या भांडणात, मोबाइलवर फिरणाऱ्या बातमीत किंवा वर्गातल्या एखाद्या टोमण्यातून कळते, आणि मग घरच्यांचा शब्दही त्याच्यापुरता संपतो. वडिलांवर आरोप आहे, ते तुरुंगात आहेत, काय ते कोर्ट ठरवेल, आणि तुझा यात काहीही दोष नाही, एवढी चार वाक्ये सहा-सात वर्षांच्या मुलालाही समजतात. यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. लहान मुले विलक्षण हिशेब मांडतात: मी हट्ट केला म्हणून बाबांना पैसे हवे होते, मी त्या दिवशी दार उघडले म्हणून पोलीस आत आले. हा हिशेब कोणी मोठ्या माणसाने मोडून दिला नाही, तर मूल तो वर्षानुवर्षे मनात बाळगते.

मदतीच्या योजनांविषयी आता बोलले पाहिजे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. २०२३ मध्ये तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले आणि रक्कम दरमहा २,२५० रुपये झाली. मुलाला संस्थेत न टाकता घरातच वाढवता यावे, हा तिचा हेतू उत्तम आहे. तिच्या पात्रतेच्या यादीत अनाथ, एकच पालक असलेली, दुर्धर आजार झालेल्या पालकांची अशा मुलांबरोबर जन्मठेप भोगणाऱ्या कैद्यांच्या मुलांचा उल्लेख आहे. राजस्थानच्या पालनहार योजनेतही फाशी किंवा जन्मठेप झालेल्या पालकांची मुले येतात. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने राज्य सहकारी बँकेच्या साहाय्याने २०२२ मध्ये येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. तिच्यातून कुटुंबाच्या गरजांसाठी पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळू शकते, पण तेही शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांना. या तिन्ही ठिकाणी मदतीचे दार उघडते ते शिक्षा झाल्यावर. दर चार कैद्यांतले तीन कैदी कच्चे असताना मदत पक्क्या कैद्याच्या मुलासाठी राखायची, याचा अर्थ काय होतो? ज्याच्या वडिलांचा गुन्हा सिद्ध झाला ते मूल पात्र, आणि ज्याचे वडील कायद्याच्या दृष्टीने अजून निर्दोष आहेत ते मूल बाहेर. कच्च्या कैद्याचे मूल कौटुंबिक अडचणीच्या एखाद्या सर्वसाधारण रकान्यातून आत येऊ शकते, हे खरे. पण ते अर्ज भरून देणाऱ्याच्या चिकाटीवर आणि टेबलापलीकडच्या माणसाच्या समजुतीवर अवलंबून राहते. आमच्या त्या मुलीचा अर्ज ‘शिक्षेचा आदेश जोडावा’ असा शेरा मारून दोनदा परत आला. शिक्षाच झालेली नाही, खटला सुरूच झालेला नाही, हे सांगायला तिची आई कामाचे दोन दिवस बुडवून गेली होती. अखेरीस एका सामाजिक कार्यकर्तीच्या मदतीने, वडिलांना आत जाऊन दीड वर्ष झाल्यावर, पैसे सुरू झाले.

दिल्ली सरकारने २०१४ मध्ये तुरुंगातल्या पालकांच्या मुलांसाठी म्हणूनच एक योजना आखली. वेगळ्या नावाची योजना हवीच, असा माझा आग्रह नाही. बालसंगोपनाच्याच निकषांत ‘जन्मठेप’ या शब्दाच्या जागी ‘पालक तीन महिन्यांहून अधिक काळ कोठडीत’ असे लिहिले आणि पुरावा म्हणून कारागृहाचा दाखला पुरेसा मानला, तरी हजारो मुलांचा मार्ग मोकळा होईल.

मात्र त्यासाठी मूल आहे हे कोणाला तरी ठाऊक असायला हवे. अटक झालेल्या माणसाच्या नातेवाइकाला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. चोवीस तासांत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे संविधानाच्या अनुच्छेद २२ नुसार बंधनकारक आहे. या दोन्ही क्षणी त्याच्या घरी अठरा वर्षांखालचे कोणी आहे का आणि आज रात्री ते कोणाजवळ झोपणार आहे, हे विचारण्याची सक्ती नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये स्वीकारलेले बँकॉक नियम स्त्री कैद्यांच्या बाबतीत हेच सांगतात: तुरुंगात घेताना तिच्या मुलांची संख्या आणि तपशील नोंदवावा, आणि मुलांची व्यवस्था लावण्यासाठी तिला वाव द्यावा. ही अपेक्षा पुरुषांच्या बाबतीतही का असू नये? पहिल्या रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांनी एक प्रश्न विचारावा आणि उत्तर जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जावे, इतकी साधी ही मागणी आहे. तिला नवी इमारत लागत नाही आणि नवे पदही लागत नाही.

या मागणीला एक आक्षेप आहे आणि तो मला हलका वाटत नाही. विमुक्त समाजांत काम करणाऱ्या एका कार्यकर्त्याने तो माझ्यासमोर मांडला. ‘‘बाई, तुम्ही मुलांची यादी करायला सांगता. आमच्या लोकांच्या याद्या आधी कोणी आणि कशासाठी केल्या, ते विसरू नका.’’ १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार वर्षांपासूनच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतींत ठेवण्याची सोय केली. सोलापुरातल्या तारेच्या कुंपणाच्या सेटलमेंटची आठवण तिथल्या जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून आहे. कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी चोरी झाली की पारध्यांच्या पालावर जायचे ही सवय रद्द झालेली नाही. अशा घरातल्या मुलाचे नाव अटकेच्या कागदावर आले, तर दहा वर्षांनी तेच नाव संशयितांच्या यादीत येणार नाही, याची हमी कोण देईल? या आक्षेपानंतर मी माझी मागणी बदलली. प्रश्न विचारावा तो न्यायालयाने, विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलामार्फत. उत्तर देणे ऐच्छिक असावे. ते खटल्याच्या कागदपत्रांत वा पोलिसांच्या कोणत्याही नोंदवहीत जाऊ नये. आणि बालकल्याण समितीचा माणूस घरी येईल तो मूल उचलून न्यायला नव्हे, तर त्याला घरीच ठेवायला काय लागेल हे विचारायला. बालगृहात पाठवणे हा सोपा आणि बहुतेक वेळा वाईट मार्ग आहे. वडील गेले म्हणून आजीही गेली, असे मुलाच्या बाबतीत होऊ नये.

भेटीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो पैशाने सुटणारा नाही. मी त्या मुलीबरोबर एकदा मुलाकतीला गेले होते. सकाळी साडेसातपासून रांग, आधार कार्डांच्या झेरॉक्स, बाहेर जमा केलेला मोबाइल, पिशवीतले कपडे उलटसुलट करून पाहणारे हात, आणि मग काचेपलीकडे वडील. बोलायचे ते रिसीव्हरमधून. दोन्ही बाजूंना दुसरी कुटुंबे त्याच वेळी ओरडून बोलत होती. आईला वकिलाच्या फीविषयी विचारायचे होते, आजी रडण्यात गुंतली, आणि मुलीच्या हातात रिसीव्हर आला तेव्हा वेळ संपत आली होती. तिने विचारले, ‘‘जेवलात का?’’ वडिलांनी विचारले, ‘‘अभ्यास करतेस ना?’’ फोन बंद झाल्यावरही ती रिसीव्हर कानाला लावून उभी होती. परत येताना बसमध्ये तिने एवढेच सांगितले की त्यांचे केस किती पांढरे झालेत. त्या दिवसाची तिची शाळा बुडाली होती, आणि हजेरीपटावर मीच तिची गैरहजेरी लावलेली होती.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेवर भारताने १९९२ मध्ये मोहोर उमटवली. तिचा नववा अनुच्छेद सांगतो की पालकांपासून दुरावलेल्या मुलाला, त्याच्या हिताला बाधक नसेल तर, दोन्ही पालकांशी नियमित आणि प्रत्यक्ष संपर्क ठेवण्याचा हक्क आहे. हा हक्क मुलाचा आहे. आपल्याकडे मात्र भेट ही कैद्याला दिलेली सवलत समजली जाते, जी त्याच्या वर्तणुकीनुसार काढूनही घेता येते. त्यात मुलाला नकळत शिक्षा होते हे कोणाच्या ध्यानात येत नाही. महाराष्ट्राच्या कारागृहांनी ‘गळाभेट’ नावाचा एक सुंदर उपक्रम राबवला, त्यात बंद्यांच्या मुलांना काचेशिवाय, जाळीशिवाय, मांडीवर बसून भेटता येते. ज्या अधिकाऱ्यांनी तो सुरू केला त्यांचे मोठेपण मान्य करून मी एवढेच विचारते की तो एक दिवसाचा कार्यक्रम का असावा, आणि शिक्षा झालेल्यांपुरता का असावा. महिन्यातला एक रविवार शाळकरी मुलांसाठी राखला, तर शाळाही बुडणार नाही.

आपल्याच राज्यात याहून धीट प्रयोग झालेला आहे. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसवली गेली. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि गांधीजींच्या प्रभावाखाली आलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. तिथे निवडलेले बंदी शेती करतात आणि बायकामुलांसह राहतात. मोजक्याच माणसांपुरती असली तरी ती वसाहत आजही सांगली जिल्ह्यात आहे. शिक्षा भोगणाऱ्या माणसाच्या मुलाने संध्याकाळी शाळेतून परत येऊन वडिलांच्या शेजारी जेवायला बसावे, हे ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थानाला जमले.

इथे काही वाचक विचारतील, आणि त्यांनी विचारावेच, की ज्यांचे माणूस मारले गेले त्यांच्या मुलांचे काय? त्या मुलांना आधी मिळाले पाहिजे, यात मला शंका नाही. पीडितांना भरपाई देण्याची योजना कायद्यात २००९ पासून आहे. ती वेळेवर मिळत नसेल तर त्यासाठी भांडले पाहिजे. पण ही दोन मुले प्रत्येक वेळी दोन वेगळ्या घरांत नसतात. नवऱ्याने बायकोचा खून केला अशी बातमी आपण किती सहज वाचतो. त्या घरातले मूल मृत स्त्रीचे मूल आहे आणि आरोपीचेही. त्याची आई गेली, वडील आत गेले, आजोळ आणि वडिलांचे घर यांत वैर पेटले, आणि कित्येकदा तेच मूल खटल्यातले साक्षीदार असते. त्याला कोणत्या रकान्यात टाकायचे? अशा मुलाला वडिलांना भेटायचे नसेल, तर न भेटण्याचा हक्कही तितक्याच ठामपणे जपला पाहिजे. भेटीचा आग्रह नातेवाइकांच्या सोयीसाठी नसावा. काही मुलांना वर्षांनंतर एकदाच भेटून एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि तोवर थांबण्याची मोकळीक त्यांना हवी असते.

वाढत्या वयातल्या मुलांच्या मनात प्रेम आणि चीड एकाच वेळी असते. त्यांना यातले एकच निवडायला लावू नये. प्रयास हा टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रकल्प मुंबईत १९९० पासून कैद्यांबरोबर आणि त्यांच्या कुटुंबांबरोबर काम करतो. कारागृह, कोर्ट आणि घर या तिन्ही ठिकाणी पाय असलेला प्रशिक्षित माणूस असेल तर काय होऊ शकते, हे अशा कामातून दिसते. असा एक समाजकार्यकर्ता प्रत्येक मध्यवर्ती कारागृहाला जोडलेला, नियमित पगारावर, असणे ही चैन नाही.

शाळांना मात्र शासन आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. आम्ही आमच्या अर्जातून ‘वडिलांचा व्यवसाय’ हा रकाना काढला आणि तिथे ‘सध्या मुलाची काळजी कोण घेते’ असे लिहिले. कोर्टाच्या तारखेला किंवा मुलाकतीला गेलेल्या मुलाची गैरहजेरी दंडास पात्र धरायची नाही, असे ठरवले. कोणत्या मुलाचे पालक आत आहेत हे वर्गशिक्षकाखेरीज कोणाला सांगायचे नाही, हेही ठरवले. शिक्षकांच्या खोलीतल्या चहाबरोबर ही माहिती कशी पसरते ते मी पाहिलेले आहे आणि एके काळी मीही त्यात सामील होते.

ती मुलगी आता बारावीत आहे. वाणिज्य शाखा घेतली आहे, सकाळी कॉलेज आणि दुपारी एका दुकानात हिशेब लिहायचे काम. वडिलांच्या खटल्यात गेल्या वर्षी आरोप निश्चित झाले. पहिला साक्षीदार अजून तपासला गेलेला नाही. मागच्या आठवड्यात ती भावाच्या शाळेच्या दाखल्यासाठी आली होती. जाताना तिने पुढची तारीख सांगितली, सप्टेंबरची. ऑगस्टमध्ये तिला अठरा वर्षे पूर्ण होतात, आणि बालसंगोपनाचा तिचा हप्ता त्या महिन्यात बंद होईल.